करंट मशीनचा, जोर आपला: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी मसल स्टिम्युलेटर कसा वापरावा

गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला तेव्हा बॅडमिंटनचं शटल अजून हवेतच होतं. पुढचं सगळं अशा गोष्टींत होतं तसंच झालं. एमआरआय, 'एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) पूर्ण तुटलंय' हे वाक्य, ऑपरेशन, पायाला ब्रेस आणि ठाण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणारा पाऊस. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी फिजिओ घरी आली आणि म्हणाली, "काकू, मांडी आवळा." मी आवळली. म्हणजे मला वाटलं, आवळली. मांडी ढिम्म हलली नाही. (आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी 'काकू' हा वेगळाच धक्का.)

मग मशीन आलं. चिकटणारे पॅड, वायरी, छोटा डबा. पहिले पंधरा दिवस मी ते लावून आडवी पडायचे आणि मालिका बघायचे. मांडी आपोआप उडतेय, काम चाललंय, अशी माझी समजूत. पंधरा दिवसांनी फिजिओनं टेप लावली आणि मांडीचा घेर आणखी कमी भरला. "मशीन लागल्यावर तुम्ही काय करता?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. ती हसली. "मशीन ओढतंय ना? मग तुम्ही पण ओढा!"

ऑपरेशननंतर अशा मशीनची चिठ्ठी हातात घेऊन घरी आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं काही असेल तर चिठ्ठीचंच ऐका.

आधी हे समजून घ्या: मांडी ऐकत का नाही

गुडघ्यात पाणी असलं की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आपोआप आवरतं घेते. १९८४ साली एका प्रयोगात निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाईन भरून पाहिलं. जेमतेम २० ते ३० मिलिलिटरला मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावला. म्हणजे चार ते सहा चमचे पाणी झालं. तेव्हा 'माझी इच्छाशक्तीच कमी' असं मनाला लावून घेऊ नका. निरोप मध्येच अडतोय.

मशीन तो अडसर वळसा घालून टाळतं. कातडीवरून थेट मज्जातंतूच्या फांदीला चाळवतं आणि स्नायू आकसतो. पण त्याची एक खोड आहे. आपण स्वतः जोर लावतो तेव्हा शरीर आधी बारीक, चिवट तंतू कामाला लावतं आणि गरज पडेल तसे मोठे. कामाची पाळीही बदलत राहते. मशीनला हे जमत नाही. पॅडखाली जे सापडतील त्यांनाच ते दर वेळी एकदम जुंपतं, म्हणून ते तंतू लवकर दमतात आणि पॅडपासून लांबचे किंवा खोल असलेले आरामात बसून राहतात. त्यांना उठवायचं काम आपलं. शिवाय मेंदूला हा रस्ता पुन्हा वापरायची सवय लागायची असेल, तर निरोप मेंदूकडूनच निघायला हवा.

१. परवानगी आणि कागद

सर्जनला थेट विचारा: स्टिम्युलेटर चालेल का, आणि कुठल्या आठवड्यापासून? लिगामेंट बसवताना आत स्क्रू किंवा बटण टाकलेलं असतं, त्याबद्दलही विचारा. माझ्या सर्जननी हरकत घेतली नाही, पण तुमच्या गुडघ्यात काय टाकलंय ते तुमच्याच सर्जनना ठाऊक.

हे मशीन अजिबात लावू नये अशी माणसं: पेसमेकर किंवा तसलं यंत्र छातीत असलेले. पायात रक्ताची गुठळी असलेले किंवा तसा संशय असलेले (पोटरी सुजली, गरम आहे, दुखतेय, तर मशीन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा). जिथे कॅन्सर आहे त्या भागावर नाही. फिट्स येत असतील किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गळ्यावर आणि छातीवर पॅड कुणीच लावायचे नाहीत.

फाइलमध्ये एवढं असू द्या:

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोट्सची प्रत
- स्टिम्युलेटरची लेखी चिठ्ठी, त्यावर मशीनचा प्रकार आणि सेटिंग
- फिजिओच्या प्रत्येक भेटीची सही-शिक्क्याची पावती, नोंदणी क्रमांकासकट
- मशीनचं जीएसटी बिल किंवा भाड्याची पावती

चिठ्ठीचा आग्रह धरायचं कारण मेडिक्लेम. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा खर्च धरतात, पण कागद नसेल तर कुणी दारात उभं करत नाही. मशीनचं भाडं धरतील की नाही हे आधीच विचारून ठेवा. आणि फिजिओची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत आहे ना, हे विचारायला लाजू नका.

२. मशीन आणताना

इथे मी सपशेल फसले. दुकानात 'करंटचं मशीन' मागितलं आणि 'टेन्स' घेऊन आले. टेन्स दुखणं कमी करायला असतं, त्यात मुंग्या येतात आणि स्नायूला काम होत नाही. आपल्याला हवं ते एनएमईएस, म्हणजे मज्जातंतूला चाळवून स्नायू आकसवणारं. काही डब्यांत दोन्ही असतं, तेही चालतं. ओळखायची खूण सोपी: मशीनमध्ये 'चालू किती सेकंद, बंद किती सेकंद' आणि 'रॅम्प' (करंट हळूहळू चढायचा वेळ) हे तुम्हाला हवे तसे बदलता येतात का? येत नसतील तर परत ठेवा. बंदचा वेळ ५० सेकंदांपर्यंत जातो का, तेही दुकानातच बघा. काही स्वस्त मशीनमध्ये तो मध्येच अडतो.

मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मशीन भाड्यानं मिळतात. दोन-तीन महिन्यांचंच काम असतं, त्यामुळे भाडं परवडतं. फक्त पॅड स्वतःचे, नवे घ्या. दुसऱ्याच्या मांडीवर चिकटलेले पॅड घेऊ नका, हे सांगायला नको, पण मला दिले होते. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा परवाना क्रमांक शोधा. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम या मशीनना लागू आहेत.

क्लिनिकमधल्या मशीनवर 'रशियन' असं बटण दिसेल. याकोव कोट्स नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात खेळाडूंची ताकद ३० ते ४० टक्के वाढवल्याचा दावा केला, तेव्हापासूनचं ते नाव. तितकी वाढ पुढे सगळ्यांना काही मिळाली नाही, पण त्याचा '१० सेकंद चालू, ५० सेकंद बंद' हा ठेका मात्र राहिला.

३. पॅड कुठे आणि कसे

मांडीला मोठे पॅड लागतात, साधारण ५ बाय ९ सेंटिमीटरचे. पॅड छोटा असला की तेवढाच करंट कमी जागेत उतरतो आणि टोचतो.

खालचा पॅड: गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला, चार बोटं अंतरावर. पाय ताठ केल्यावर तिथे थेंबासारखा फुगवटा येतो (धडधाकट पायावर बघा, म्हणजे कळेल). वरचा पॅड: मांडीच्या वरच्या भागात, पुढून किंचित बाहेरच्या बाजूला, जांघेच्या थोडं खाली. काही मशीनमध्ये काळ्या आणि लाल वायरीत फरक पडतो, तेव्हा काळी खाली लावून बघा. जमली नाही तर वायरी अदलाबदल करा.

जागा पहिल्याच दिवशी अचूक मिळत नाही. बोटभर सरकवलं की तेवढ्याच करंटला स्नायू दुप्पट आकसतो, असं माझ्या बाबतीत झालं. सरकवताना दर वेळी करंट शून्यावर आणायचा, मग पॅड उचलायचा. चांगली जागा सापडली की बॉलपेननं पॅडभोवती रेघ मारा. आमच्याकडे महिनाभर माझ्या मांडीवर निळ्या चौकोनांचा नकाशा होता.

जखमेवर, टाक्यांवर, पुरळावर पॅड नको. या ऑपरेशननंतर कापलेल्या जागेच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली एक बधिर पट्टा राहू शकतो. तिथेही नको, कारण भाजलं तरी कळणार नाही.

आणि तेल! आमच्या सासूबाईंनी मायेनं रोज रात्री नारायण तेल चोळलं. सकाळी पॅड मधून चिकटायचा, कडेनं सुटायचा, आणि जिथे चिकटलाय तिथे मुंगी चावल्यासारखं व्हायचं. मला वाटलं मशीन बिघडलं. बामचंही तसंच, त्यावर पॅड लावला की कातडी लालबुंद होते. पॅड लावायच्या आधी साध्या साबणानं पाय धुवा, पूर्ण कोरडा करा. तेल लावायचंच असेल तर सत्रानंतर. केस असतील तर कात्रीनं कापा, त्याच दिवशी रेझर फिरवू नका.

ठाण्याच्या पावसाळ्यात पॅड चिकट, बुळबुळीत होतात आणि उन्हाळ्यात वाळतात. झाकण असलेल्या डब्यात, प्लॅस्टिकवर चिकटवून, फ्रिजच्या दारात ठेवा. चिकटपणा कमी झाला की बोटानं पाण्याचा एक थेंब फिरवा. वीसेक वेळांनंतर मात्र पॅडचा मोह सोडा.

४. आकडे

माझ्या चिठ्ठीवर हे होतं. तुमच्या चिठ्ठीवर थोडं इकडेतिकडे असेल:

- वारंवारता: ५० हर्ट्झ (सेकंदाला करंटचे ५० ठोके)
- पल्सची रुंदी (एक ठोका किती वेळ टिकतो): ३०० मायक्रोसेकंद
- चालू १० सेकंद, बंद ५० सेकंद
- रॅम्प: २ सेकंद
- एका वेळेला १५ आकुंचनं, म्हणजे बरोबर १५ मिनिटं

वारंवारता फार कमी असली की स्नायू सलग आकसत नाही, फडफडतो. काही मशीन रॅम्प त्या १० सेकंदांतच धरतात, त्यामुळे पूर्ण जोर ६ ते ८ सेकंदच मिळतो. घड्याळ लावून एकदा मोजा आणि फिजिओला सांगा. ५० सेकंदांची विश्रांती कंटाळवाणी वाटते म्हणून ती १० वर आणणारे लोक मी क्लिनिकमध्ये पाहिलेत. सहाव्या आकुंचनाला त्यांची मांडी नुसती थरथरत असते.

राहिला करंट किती. मिलिअँपिअरच्या आकड्यावरून दुसऱ्याशी तुलना करू नका. कातडी, चरबी, पॅडचं वय, सगळ्यांनी तो बदलतो. कसोटी हाताची: चालू असताना मांडीवर तळवा ठेवा, लाकडासारखी घट्ट लागली पाहिजे आणि गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. नुसत्या मुंग्या म्हणजे वेळ वाया. सोसवेल त्याच्या वरच्या टोकाला जायचं, पण कळवळून पाय आखडेल इतकं नाही. स्नायू दमत जातो, म्हणून चार-पाच आकुंचनांनंतर करंट एक-दोन खुणा वाढवावा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून.

५. मशीनबरोबर स्वतःचा जोर

सगळ्या लेखाचा जीव इथे आहे, तेव्हा सावकाश वाचा.

गादीवर पाठ टेकून बसा, पाय लांब. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. एक तळवा मांडीवर, दुसऱ्या हातात मशीन. मुंग्या चढायला लागल्या की लगेच सुरू करा, झटक्याची वाट बघू नका. पायाची बोटं आपल्याकडे ओढा, गुडघा टॉवेलमध्ये दाबा, टाच किंचित हलकी होऊ द्या. मोठ्यानं मोजा: एक... दोन... तीन... मोठ्यानं अशासाठी, की श्वास कोंडला जात नाही. मशीन सोडेल तेव्हा तुम्ही लगेच सोडू नका, आणखी एक आकडा धरा. त्या एका आकड्यात कळतं की मांडी तुमच्या सांगण्यावरून किती आकसलीये. पहिल्या आठवड्यात माझ्या मांडीनं तो एक आकडाही धरला नाही, मशीन थांबलं की फुग्यातून हवा गेल्यासारखी ती पडायची. तिसऱ्या आठवड्यात 'दोन'पर्यंत धरली, आणि मी एकटीच घरात ओरडले.

मग ५० सेकंद पूर्ण सैल. फोन बघायला हरकत नाही, पण मांडी सैलच हवी.

पंधरा झाल्यावर पॅड काढायच्या आधी मशीन बंद करून पाच आकुंचनं फक्त स्वतःची करा. खरी परीक्षा ती. शेवटी पाय ताठ ठेवून वर उचला: टाच वर जाताना गुडघा आधी वाकत असेल तर त्याला 'लॅग' म्हणतात. लॅग असेपर्यंत ब्रेस आणि कुबड्यांबद्दल फिजिओशी बोलल्याशिवाय धाडस नको.

हे झालं म्हणजे दिवसाचा व्यायाम संपला असं नाही. पाय वाकवणं, पोटरीचे, मागच्या मांडीचे व्यायाम मशीनशिवाय आपापल्या वेळी करायचेच. ऑपरेशननंतरच्या गुडघ्यात नुसत्या व्यायामापेक्षा व्यायाम आणि स्टिम्युलेशन दोन्ही केल्यावर मांडीची ताकद जास्त भरून येते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. धडधाकट माणसाला मात्र मशीन जोडून फार काही जादा मिळत नाही, तेव्हा नवऱ्याला किंवा मुलाला 'मसल बनवायला' देऊ नका.

६. पुढची पायरी: खुर्ची

कुठल्या आठवड्यात हे फिजिओ ठरवेल. तोल सावरला आणि लॅग गेला की तिनं मला खुर्चीतून उठण्याबरोबर मशीन लावायला सांगितलं. मुंग्या सुरू झाल्या की उठायचं, करंट चालू असेपर्यंत उभं राहून मांडी आवळायची, मशीन सोडलं की हातानं आधार घेऊन बसायचं. उंच खुर्चीपासून सुरुवात. प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवा, आमची फरशीवरून सरकली होती.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून मशीन चालू करायचं नाही. करंट आला की पाय आपोआप लाथ मारल्यासारखा ताठ होतो, आणि त्या शेवटच्या टप्प्यात मांडी नडगीला पुढे खेचते. नव्या लिगामेंटला नेमका तोच ताण नको असतो. बसून करायचं असेल तर पाय खुर्चीच्या पायाला पट्ट्यानं बांधून, फिजिओ सांगेल त्या कोनात.

७. लोक कुठे फसतात

चार्जिंगला लावलेलं मशीन वापरू नका. झोपताना नको, ओल्या पायावर नको. क्लिनिकमध्ये शेजारच्या खाटेवर शेक देणारं डायथर्मी मशीन चालू असेल तर तुमचं स्टिम्युलेटर तिथे लावू नका, त्याच्या लहरींनी करंट अचानक उसळू शकतो. हे मला क्लिनिकच्या मावशींनी आधी सांगितलं, डॉक्टरांनी नंतर.

दुसऱ्या दिवशी मांडी दुखेल, ते चालतं. गुडघा सुजला, गरम झाला तर एक दिवस थांबा, बर्फ लावा, फिजिओला कळवा. सूज वाढवून केलेला व्यायाम मांडीला पुन्हा गप्प करतो.

सगळ्या अंगाला करंट देणारे सूट घालून व्यायाम करवणारे स्टुडिओ आहेत, ते प्रकरण वेगळं. पहिल्याच दिवशी जोरात केल्यामुळे स्नायूंचा चुरा होऊन किडनीवर भार आल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. लघवी कोलासारखी गडद झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. ऑपरेशननंतर तिकडे फिरकूसुद्धा नका.

८. मोजमाप आणि मशीन परत

शिंप्याची टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर खूण करा आणि दर रविवारी, सकाळी, दोन्ही मांड्या मोजा. वहीत तीनच रकाने ठेवा: घेर, करंटचा आकडा, आणि मशीन थांबल्यावर किती आकडे धरता आलं. तिसरा रकाना सगळ्यात आधी सुधारतो, घेर सगळ्यात शेवटी, म्हणून टेपवर रुसू नका.

माझं मशीन अकरा आठवड्यांनी बंद झालं. तोवर लॅगशिवाय दहा वेळा पाय उचलणं, मग तलावपाळीची (ठाण्यातल्या तळ्याभोवतीची) एक फेरी, मग स्टेशनचा पूल. चढणं आधी जमलं. उतरणं अवघड, कारण उतरताना मांडीला भार सोडत सोडत धरायचं असतं, आणि तिथे मशीन काही कामाला येत नाही, कठड्याला धरून सराव करावा लागतो. संध्याकाळी सहानंतर करू नका, लोंढ्यात कठडाही मिळत नाही.

भाड्याचं मशीन परत करताना दुकानात त्यांच्यासमोर चालू करून दाखवा, दोन्ही वायरी आणि चार्जर मोजून द्या, आणि डिपॉझिटची मूळ पावती घरी विसरू नका. मला त्यासाठी भर दुपारी रिक्षानं पुन्हा जावं लागलं.